शिक्षणाने मनासारखं काम मिळतं, की नुसतं कर्ज?

ओलीपाटी

गेल्या पाच तारखेला माझ्या शैक्षणिक कर्जाचा शेवटचा हप्ता गेला. सात वर्षं, चौऱ्याऐंशी हप्ते. दर महिन्याला पहाटे फोन थरथरायचा, अंधारात स्क्रीन उजळायची आणि खात्यातून रक्कम वजा झाल्याचा निरोप असायचा. पहिल्या वर्षी तो उघडून मागे किती उरले ते बघायचे. नंतर न उघडताच फोन पालथा घालून झोपायला लागले. या महिन्यात निरोप आला नाही, तरी त्याच वेळेला जाग आली.

मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे. काम वाईट नाही, माणसं चांगली आहेत, पगार वेळेवर होतो. पण हे काम मी निवडलेलं नाही. कॉलेज संपता संपता जी पहिली कंपनी आली तिला हो म्हटलं, कारण सहा महिन्यांनी हप्ता सुरू होणार होता. पुढे दोनदा नोकरी बदलली आणि दोन्ही वेळा मनात एकच प्रश्न होता: पगार किती वाढतोय?

मधे वर्षभर भाच्याला घेऊन वाचा-उपचाराला जात होते. चार वर्षांचा झाला तरी बोलत नव्हता. त्या बाई त्याच्याबरोबर जमिनीवर बसायच्या, आरशासमोर गाल फुगवायच्या, साबणाचा फुगा सोडायच्या आणि थांबायच्या. नुसत्या थांबायच्या. असे कित्येक आठवडे गेले आणि एक दिवस त्याने फुग्याकडे बोट करून ‘फू’ म्हटलं. बाई काहीच बोलल्या नाहीत, फक्त वहीत तारीख टाकली. मी बाहेर येऊन रडले. तेव्हापासून हेच शिकायचं डोक्यात आहे.

आता प्रवेश मिळतोय. पण पुन्हा कर्ज काढावं लागेल आणि वय एकोणतीस. ज्या शिक्षणाने सात वर्षं बांधून ठेवलं, त्याच्याच दारात परत जाऊन उभं राहायचं का? तुमच्यापैकी कुणाला शिक्षणातून खरंच मनासारखं काम मिळालं? की हप्ते फेडण्यातच उमेद गेली? मोकळेपणाने सांगा.

मुळाक्षर

धागा वाचतोय. ‘थांबायच्या’ हा शब्द फार आवडला. शिकवण्याचं निम्मं काम तेच असतं.

रंधा

मी दहावीनंतर शिक्षण सोडलं आणि सुतारकामाला लागलो. चार वर्षं उस्तादांच्या हाताखाली होतो. पहिलं वर्ष फक्त धार लावण्यात गेलं. पटाशी घासून झाली की अंगठ्याच्या नखावर हलकेच टेकवायची. घसरली तर बोथट, जागच्या जागी रुतली तर धार बसली. आजही दिवसातून दहादा हे करतो आणि रुतली की बरं वाटतं. मला कुणाचं देणं नव्हतं, पदवी नाही, काम मनासारखं आहे. माझ्या बरोबरीचे दोघे तिघे मोठ्या पदव्या घेऊन अजून हप्ते भरताहेत. म्हणून मी म्हणेन, पुन्हा कर्ज काढू नका ताई. त्या बाईंच्या हाताखालीच शिका.

दुसरीपाळी

@रंधा, तुमच्या कामाबद्दल आदर आहे, पण इथे गल्लत होतेय. फळी चुकीची कापली गेली तर दुसरी घेता येते. लहान मुलाच्या गिळण्या-बोलण्यात चूक झाली तर? काही कामांना परवाना लागतो आणि तो लागायलाच हवा.

मी परिचारिका आहे. शिकण्यासाठी कर्ज काढलं होतं, नऊ वर्षांत फेडलं. पहिली तीन वर्षं सलग रात्रपाळी मागून घेतली, कारण तिचा भत्ता मिळायचा. पाठ कायमची धरली. तरीही मी हेच निवडेन. अगदी तान्ह्या बाळाला सलाईन लावायचं असतं तेव्हा शीर दिसत नाही, बोटाच्या टोकाला कळावी लागते. दाबलं की किंचित उसळते, भिजलेल्या दोऱ्यासारखी. आसपास सगळे श्वास रोखून उभे असतात, आईची नजर तुमच्या हातावर असते, आणि सुई आत जाऊन नळीत लाल थेंब दिसतो. त्या क्षणी मला कर्ज, पगार काही आठवत नाही.

हे मला शिक्षणानेच दिलं. ते तीन वर्षांचं पाठदुखणं मात्र शिक्षणाचं नव्हे, हप्त्याचं होतं.

चांदणचुरा

शेवटच्या ओळीला +१.

तळटीप

दुसरीपाळी यांनी नेमक्या जागी बोट ठेवलं. शिक्षण आणि कर्ज या दोन गोष्टी आपण एकाच श्वासात बोलतो, पण माणसाच्या आयुष्यात त्या उलट दिशेने ओढतात. एक दारं उघडते आणि दुसरी त्यातली निम्मी बंद करते.

यावर चांगलं काम झालेलं आहे. एरिका फील्ड या अर्थशास्त्रज्ञ बाईंचा २००९ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास मला फार महत्त्वाचा वाटतो. न्यूयॉर्क विद्यापीठाच्या विधी महाविद्यालयात काही विद्यार्थ्यांना दोन प्रकारची मदत चिठ्ठ्या टाकून वाटली गेली. दोन्हींचं पैशातलं मोल सारखंच. पहिल्या गटाने शिकताना कर्ज काढायचं आणि नंतर लोकहिताची वकिली केली तर महाविद्यालय ते फेडणार. दुसऱ्या गटाला शिकतानाच फी माफ, पण लोकहिताची वकिली केली नाही तर ती परत करायची. हिशेब एकच, फरक फक्त डोक्यावर ‘कर्ज’ या नावाचं ओझं आहे की नाही एवढाच. तरीही फी माफ झालेल्या गटातली जास्त मुलं कमी पगाराच्या लोकहिताच्या कामाकडे गेली.

रॉथस्टाइन आणि राउझ या दोघांनी २०११ साली आणखी एक अभ्यास मांडला. एका नामांकित विद्यापीठाने कर्जाऐवजी शिष्यवृत्ती द्यायला सुरुवात केली, तेव्हा काय बदललं ते त्यांनी तपासलं. कर्ज असलेली मुलं जास्त पगाराकडे वळत होती आणि शिक्षकी पेशासारख्या लोकहिताच्या कामापासून दूर राहत होती. म्हणजे ओलीपाटी, ‘पगार किती वाढतोय’ एवढंच विचारत राहिलात यात तुमच्या स्वभावाचा दोष नाही. कर्ज माणसाला तेच विचारायला लावतं.

ओलीपाटी

@तळटीप, हे वाचून खूप हलकं वाटलं. इतकी वर्षं मी स्वतःला पैशाच्या मागे लागलेली समजत होते.

निंबोणी

अवांतर: ‘व्याज’ या शब्दाचा संस्कृतात कपट, बहाणा असा अर्थ आहे. म्हणून तर आपण ‘निर्व्याज प्रेम’ म्हणतो. सरकारांनी आता निर्व्याज शिक्षणाचं मनावर घ्यावं.

चांदणचुरा

@निंबोणी, वा! न्यूझीलंडने थोडंफार घेतलंय मनावर. देशातच राहणाऱ्यांच्या विद्यार्थी-कर्जावर २००६ पासून तिथे व्याज लागत नाही. देश सोडला की लागतं.

वजाबाकी

मी बँकेच्या कर्ज विभागात बावीस वर्षं होतो, आता निवृत्त आहे. टेबलाच्या पलीकडे बसलेली मुलं आणि त्यांचे आईवडील रोज बघितले. सगळ्यांचं लक्ष ‘मंजूर झालं का’ याच्यावर असतं. सही कशावर करतोय ते वाचणारे फार थोडे. म्हणून जरा हिशेब मांडतो.

समजा शंभराचं कर्ज आहे, दर दहा टक्के. शिक्षणाची चार वर्षं आणि वरचं एक वर्ष हप्ता नाही. या सवलतीच्या काळात व्याज थांबत नाही, ते साचत राहतं. सरळ व्याजानेच धरलं तरी पाच वर्षांत पन्नास झाले. पहिला हप्ता सुरू होतो तेव्हा तुम्ही शंभर नव्हे, दीडशे देणं लागता. ते पंधरा वर्षांत फेडायचे म्हटले तर एकूण साधारण २९० जातात. सात वर्षांत फेडले तर २०९. आता शिकत असतानाच दर महिन्याचं नुसतं व्याज कुणी भरत राहिलं, तर मुद्दल शंभरच राहतं. मग पंधरा वर्षांच्या मुदतीत सगळे मिळून २४३ च्या आसपास जातात. तोच विद्यार्थी, तीच पदवी, पण सत्तेचाळीसचा फरक.

दुसरं, दर बदलता असेल आणि वाढला तर आमच्या वेळी बँका शक्यतो हप्ता वाढवत नसत, मुदत लांबवत. खात्यातून जाणारी रक्कम तेवढीच असायची, त्यामुळे कर्जदाराला काही कळतच नसे. पाच वर्षं इमानेइतबारे भरून मुद्दल जेमतेम हललेलं मी पाहिलंय. दर बदलल्याचं पत्र आलं की ‘मुदत किती झाली?’ हे विचाराच.

आणि एक गोष्ट मनाला लागून राहिली आहे. आम्ही अर्ज करणाऱ्याला अभ्यासक्रम विचारायचो, फी विचारायचो, तारण विचारायचो. ‘तुला हे काम करायचंय का?’ हे बावीस वर्षांत मी एकाही मुलाला विचारलं नाही. त्या कागदावर तसा रकाना नव्हता.

उंबरठा

वजाबाकीकाका, मी बहुधा तुमच्यासारख्याच कुणाच्या तरी टेबलासमोर बसले होते.

या चर्चेत एक जण राहून गेलाय, तो मांडते. कर्ज आहे आणि पदवीच नाही. तिसऱ्या वर्षी घरात आजारपण आलं आणि मी अभ्यासक्रम सोडला. अडीच वर्षांचं कर्ज मात्र सुटलं नाही. शिकलेल्याला निदान पगार तरी असतो. माझ्याकडे दाखवायला प्रमाणपत्र नव्हतं आणि फेडायला नोकरी नव्हती. दुकानात हिशेब लिहायचं काम करून फेडलं. कुणी ‘काय शिकलीस?’ विचारलं की अजून घसा कोरडा पडतो.

शिक्षणाला गुंतवणूक म्हणणारे पदवी मिळेलच असं धरून चालतात. कर्ज देतानाच ‘मधेच सोडावं लागलं तर काय’ याची सोय हवी. आजारपण काय सांगून येतं?

दुसरीपाळी

@उंबरठा, जवळ असतात तर हात धरला असता. अडीच वर्षं शिकलात ते तुमच्याजवळ आहे, कागद नसला तरी.

तळटीप

उंबरठा यांनी मांडलेली अडचण सोडवण्याचा एक मार्ग आहे. तो पूर्ण नाही, पण आहे. ऑस्ट्रेलियाने १९८९ साली उत्पन्नाशी बांधलेलं विद्यार्थी-कर्ज सुरू केलं. कमाई ठरावीक मर्यादेच्या वर गेली तरच कापून घेतात, तेही प्राप्तिकराबरोबर. नोकरी गेली, आजारपण आलं, पदवी अर्धवट राहिली तर वसुली आपोआप थांबते, पहाटेचे निरोप येत नाहीत. इंग्लंडमध्येही मर्यादेच्या वरच्या कमाईचे नऊ टक्के घेतात.

पण याचीही दुसरी बाजू आहे. इंग्लंडमध्ये १९९८ साली वर्षाला कमाल एक हजार पौंड फी लागू झाली. २००६ मध्ये ती तीन हजार झाली, २०१२ मध्ये नऊ हजार. परतफेड सोपी म्हटल्यावर फी वाढवणंही सोपं झालं, असं माझं मत. शिल्लक कर्ज तीस वर्षांनी माफ व्हायचं, ते २०२३ पासून प्रवेश घेणाऱ्यांसाठी चाळीस वर्षांवर नेलं. ऑस्ट्रेलियात तेव्हा कर्ज फक्त महागाईशी जोडलेलं होतं, त्यामुळे २०२३ साली ते एका झटक्यात ७.१ टक्क्यांनी वाढलं आणि ओरड झाली.

अमेरिकेत तर दिवाळखोरीचा दरवाजाही जवळपास बंद आहे. १९७६ साली सरकारी विद्यार्थी-कर्ज पहिली पाच वर्षं तरी दिवाळखोरीतून सहसा सुटणार नाही अशी अट घातली, १९९८ मध्ये ‘असह्य हलाखी’ सिद्ध केल्याशिवाय सुटका नाही असं केलं, २००५ मध्ये बहुतेक खासगी कर्जंही त्यात ओढली. व्यापाऱ्याचा धंदा बुडाला तर कायदा त्याला नव्याने उभं राहू देतो. अठराव्या वर्षी केलेल्या सहीला तेवढी दया नाही. मला हे अन्यायाचं वाटतं.

कोरीवही

मुळात कर्जच का? जर्मनीतल्या काही राज्यांनी २००६-०७ च्या सुमारास सत्राला पाचशे युरोपर्यंत फी लावून बघितली, लोकांनी विरोध केला आणि एकेक राज्य मागे हटलं. शेवटचं लोअर सॅक्सनी, २०१४ साली. समाजाला परिचारिका हवी, शिक्षक हवा, तर खर्च समाजाने उचलावा.

वजाबाकी

@कोरीवही, तत्त्व मान्य. पण फी गेली म्हणजे कर्ज गेलं असं होत नाही. स्वीडनमध्ये तिथल्या विद्यार्थ्यांना फी नाही, तरी राहण्या-जेवण्यासाठी ती मुलं कर्ज काढतात. शिकणाऱ्याचं पोट फीमाफीने भरत नाही.

कोरीवही

हे खरं आहे. माझ्या लक्षात आलं नव्हतं.

आभाळमाया

थोडं वेगळं बोलते. काम मनासारखं असणं म्हणजे तरी काय? एमी व्झेस्निएव्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा १९९७ चा एक अभ्यास आहे. काही जण कामाकडे नुसती नोकरी म्हणून बघतात, काही बढतीची शिडी म्हणून आणि काही जीवनध्येय म्हणून. त्यांनी एकाच प्रकारचं कार्यालयीन मदतनिसाचं काम करणाऱ्या चोवीस जणांना पाहिलं, तेव्हा तेही या तीन गटांत जवळजवळ सारखेच वाटले गेले. काम तेच, पगार साधारण तेवढाच, नजर वेगळी. म्हणून वाटतं, ओलीपाटी, आहे त्या कामातच काही सापडेल का, हे आधी बघा.

रंधा

@आभाळमाया, असहमत. नजर बदलून बोथट पटाशीने कापता येत नाही.

आणि @दुसरीपाळी, तुमचं बरोबर होतं. परवान्याचं मी धरलं नव्हतं. शिवाय मला देणं नव्हतं असं लिहिलं, ते अर्धंच खरं. चार वर्षं उस्तादांनी वरखर्चापुरतं दिलं आणि ती वर्षं माझ्या थोरल्या भावाने मला पोसलं. त्याने त्याचं शिक्षण सोडलं होतं. त्याचा हप्ता कुठल्या वहीत नाही, म्हणून मी धरला नाही. काल रात्री हा धागा वाचून त्याला फोन केला.

मुळाक्षर

रंधाभाऊ, या धाग्यावरचा सगळ्यात मोठा प्रतिसाद हाच.

माझं थोडक्यात सांगतो. मी शिक्षक झालो, कारण मला शिष्यवृत्ती मिळाली. माझ्याहून हुशार मित्राला शिक्षकच व्हायचं होतं, त्याला कर्ज काढावं लागलं आणि तो विमा विकायला लागला. तळटीप यांनी दिलेल्या अभ्यासातला आकडा म्हणजे माझा मित्र आहे. आमच्या दोघांत आवडीचा फरक नव्हता, कष्टाचाही नव्हता.

तळटीप

राहवत नाही म्हणून आणखी एक. अर्थशास्त्रज्ञ गॅरी बेकर म्हणत, शिक्षणाने माणसाची क्षमता वाढते आणि म्हणून पगार वाढतो. मायकेल स्पेन्स यांनी १९७३ मध्ये मांडलं, की क्षमता मुळीच न वाढवताही पदवीला मोल येऊ शकतं, कारण मालकाला ती खूण म्हणून पुरते. दोघांनाही नोबेल मिळालं, १९९२ आणि २००१ साली. ओलीपाटींची पहिली पदवी खुणेच्या बाजूची वाटते. दुसरं जे शिकायचंय ते हाताचं, कानाचं काम आहे. दोन्हींना ‘शिक्षण’ म्हणून एकाच तराजूत घालू नये.

ओलीपाटी

सगळ्यांचे मनापासून आभार. तीन रात्री वाचत होते. आभाळमाया, तुमचं म्हणणं करून पाहिलंय, चार वर्षं. माझ्याकडून झालं नाही.

काल त्या बाईंना भेटायला गेले. वजाबाकीकाकांनी जे कुणाला विचारलं नाही ते त्यांनी पहिल्या पाच मिनिटांत विचारलं. मग म्हणाल्या, एका यशामागे पन्नास कंटाळवाणे दिवस असतात, ते आधी बघ. आता शनिवारी त्यांच्याकडे नुसतं कोपऱ्यात बसून बघायची परवानगी मिळाली आहे. प्रवेश एक वर्ष पुढे ढकलता येतो, हे विचारून घेतलं. या वर्षभरात हप्त्याएवढी रक्कम दर महिन्याला बाजूला टाकणार आहे, नाहीतरी सवय आहेच. त्यात पहिल्या वर्षाची फी निघेल. उरलेल्याचं कर्ज काढेन, पण शिकत असताना व्याज भरत राहीन. अर्धवेळ टेस्टिंगचं काम द्यायला साहेब तयार आहेत.

@उंबरठा, मधेच सोडावं लागलं तर काय, हे मी बँकेला लेखी विचारणार आहे. तुमच्यामुळे.

वजाबाकी

छान ठरवलंत. एक राहिलं. जुन्या कर्जाला घर तारण होतं का? असेल तर ना-देय दाखला घ्या, मूळ कागद परत घ्या आणि घरावरचा बोजा उतरल्याची नोंद स्वतः तपासा. पुष्कळ लोक शेवटचा हप्ता भरून निवांत होतात आणि कागद वर्षानुवर्षं बँकेतच पडून राहतात.

ओलीपाटी

तारण होतं काका, बाबांचं घर. मला हे माहीतच नव्हतं. आज रजा टाकून बाबांना घेऊन गेले. लिफाफा घ्यायला तासभर लागला. बाबांनी तिथेच बाकावर बसून चष्मा लावला आणि एकेक पान मोजलं. मग पुन्हा मोजलं. बोजाच्या नोंदीचा अर्ज देऊन ठेवलाय, पंधरा दिवसांनी बघायला जायचंय. घरी येताना बाबा म्हणाले, “पुढच्या वेळी तारण मागितलं तर मला आधीच सांग.”